नाडीचा आकडा आणि अंगाची खूण

गेल्या महिन्यात, दवाखाना बंद करायच्या वेळेला आमच्या ओळखीचे एक सर आले. वय 52. दोन वर्षांपासून नेमाने सायकल चालवतात. सध्या 200 किलोमीटरच्या 'ब्रेव्हे'ची तयारी चालू आहे. (ही शर्यत नव्हे. साडेतेरा तासांत अंतर पुरे करायचे, एवढेच.) मनगट पुढे करून म्हणाले, "डॉक्टर, घड्याळ म्हणते नाडी 118, आणखी जोर लावा. आणि चढावर माझा तर जीव जातो. खरे कोणाचे?"

मी विचारले, "रक्तदाबाची गोळी कोणती?" मेटोप्रोलॉल निघाली. वाचकहो, या जातीच्या गोळ्या नाडीला लगाम घालतात. माणूस घामाघूम झाला तरी ठोके फारसे वाढत नाहीत. म्हणजे आकडा खरा, पण त्यावरून श्रम कळत नाहीत. सर मात्र घड्याळाने दाखवलेली मर्यादा गाठायची म्हणून सायकल दामटत होते. (म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. एकदम सोडली तर हृदयाला धोका असतो.)

ही मर्यादा बहुधा '220 वजा वय' या हिशेबाने काढतात. सरांची 168 आली. पण हिशेब सरासरीचा आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. शिवाय आपल्याकडचे ऊन! घाम जाऊन अंगातले पाणी कमी झाले की वेग तोच असूनही नाडी चढत जाते.

मग अंगालाच विचारावे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी त्यासाठी 6 ते 20 अशी पट्टी तयार केली. 6 म्हणजे स्वस्थ बसलेले, 20 म्हणजे शक्तीची परिसीमा. लांब पल्ल्याला 11 ते 13 पुरे. सोबत्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम.

अर्थात अंगही फसवते. माझेच सांगतो. मागच्या पावसाळ्यात ताप येऊन गेला. चौथ्या दिवशी एकदम हुशारी वाटली. सकाळी अंथरुणात मोजलेली नाडी 70 होती, एरवी 58 असते. 'यंत्राचे काय ऐकायचे' म्हणून निघालो. पंधराव्या किलोमीटरला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि घरी टेम्पोतून यावे लागले. तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते, हे रोग्यांना सांगणारा मीच! तेव्हापासून घड्याळ आणि अंग यांचे पटेनासे झाले, की दोघांपैकी जो 'थांब' म्हणेल त्याचे मी ऐकतो.

सरांना शेवटी विचारले, "जीव जातो म्हणजे नेमके काय? दम लागतो, की छातीत दाटते?" ते जरा घुटमळले. "दाटते. जबड्यापर्यंत येते. उतरून उभा राहिलो की जाते."

मग मी घड्याळाकडे पाहिलेच नाही. ईसीजी काढला, तो ठीक होता. पण स्वस्थ पडलेल्या माणसाचा ईसीजी ठीक असला म्हणून चढावरचे दुखणे खोटे ठरत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे धाडले. एक मोठी रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली सापडली. स्टेंट बसला आहे. सध्या सपाट रस्त्यावर अर्धा तास चालण्याची परवानगी आहे.

ब्रेव्हेची भरलेली फी परत मिळत नाही, म्हणून सर अजून माझ्यावर थोडे रागावलेले आहेत.