तुर्कान : एका तुर्की स्त्रीनामाचा इतिहास

या पाठातून काय शिकाल?

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हांला पुढील गोष्टी सांगता येतील :

१. 'तुर्कान' या नावाचे मूळ आणि त्याचा खरा अर्थ.
२. पदवीचे व्यक्तिनाम कसे होते, याची प्रक्रिया.
३. हे नाव धारण करणाऱ्या काही स्त्रियांचे इतिहासातील व आधुनिक काळातील कार्य.
४. नाव आणि राज्यसत्ता यांचा परस्परसंबंध.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, दिल्ली सल्तनतीचा इतिहास अभ्यासताना 'शाह तुर्कान' हे नाव तुमच्या वाचनात आले असेल. सुलतान इल्तुतमिश १२३६ मध्ये मरण पावला आणि त्याचा मुलगा रुक्नुद्दीन फिरोज गादीवर बसला. प्रत्यक्ष कारभार मात्र त्याची आई शाह तुर्कान हिच्या हाती गेला. समकालीन इतिहासकार मिन्हाज-इ-सिराज लिहितो की, तिने सवतींचा छळ केला, इल्तुतमिशच्या दुसऱ्या एका मुलाला ठार करवले आणि रझियाचाही काटा काढण्याचा बेत रचला. तो बेत फसला. दिल्लीचे लोक रझियाच्या बाजूने उभे राहिले, शाह तुर्कान कैद झाली आणि जेमतेम सात महिन्यांतच रुक्नुद्दीनचे राज्य संपले.

आता एक गोष्ट नीट पाहा. हाच मिन्हाज रझियाच्या आईचा उल्लेख 'तुर्कान खातून' असा करतो. म्हणजे एकाच सुलतानाच्या दोन राण्या, एकमेकींच्या विरोधी बाजूंना असलेल्या, आणि दोघींचे नाव तुर्कान! हा योगायोग समजायचा का? तसे नाही. या प्रश्नाच्या उत्तरातच या नावाचा इतिहास दडलेला आहे.

२. नावाची व्युत्पत्ती

'तुर्कान' हे मुळात व्यक्तिनाम नव्हते, ती पदवी होती. तिचे जुने रूप 'तेर्केन' असे आहे. काशगरच्या महमूदाने अकराव्या शतकात तुर्की शब्दांचा अरबी भाषेत अर्थ देणारा मोठा कोश तयार केला. त्यात हा शब्द राज्यकर्त्याला उद्देशून वापरायचे आदरवाचक संबोधन म्हणून येतो. पुढे मध्य आशियातील तुर्की राजघराण्यांत ही पदवी मुख्यतः राणीला लावली जाऊ लागली. 'तेर्केन खातून' म्हणजे साधारणपणे 'राणीसाहेब'.

मग 'तेर्केन'चे 'तुर्कान' कसे झाले? याचे कारण लिपीत सापडते. त्या काळचे ग्रंथ अरबी-फारसी लिपीत आहेत. तुमच्यापैकी ज्यांना उर्दू वाचता येते त्यांना ठाऊक असेल की, या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. ते वाचणाऱ्याने ओळखायचे असतात. त्यामुळे ते, रे, काफ, अलिफ आणि नून ही पाच अक्षरे लिहिली की कोणी 'तर्कान' वाचणार, कोणी 'तुर्कान'. शिवाय फारसीत 'तुर्क' शब्दाचे अनेकवचनही 'तुर्कान' असेच होते आणि तेही याच अक्षरांनी लिहितात. म्हणून ओळखीचा शब्द वाचकाच्या तोंडी बसला. आजही 'तुर्कान म्हणजे तुर्क स्त्री' असा समज पुष्कळदा आढळतो. अशा समजाला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात : लोकांना शब्दाचे मूळ ठाऊक नसले की ते जवळच्या, ओळखीच्या शब्दाशी त्याचे नाते जोडतात.

१९२८ मध्ये तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून रोमन वर्णमाला स्वीकारली. तेव्हापासून स्वर लिहावेच लागतात, आणि या नावातला पहिला स्वर दोन टिंबांच्या 'यू' या अक्षराने पक्का झाला. त्याचा उच्चार मराठीत नाही. ओठ 'उ' म्हणताना करतो तसे गोल करा आणि 'ई' म्हणून पाहा; तो स्वर साधेल. लेखनाच्या सोयीसाठी आपण 'तुर्कान' असेच लिहू.

लक्षात ठेवा : दिल्लीचा 'तुर्कमान दरवाजा' या नावाशी संबंधित नाही. तो शाह तुर्कमान बयाबानी या सूफी संताच्या नावाने ओळखला जातो. तसेच 'तारकान' हे पुरुषनाम वेगळ्या पदवीपासून आले आहे.

३. पदवीमागे हरवलेल्या राण्या

मध्ययुगात ही पदवी धारण करणाऱ्या दोन राण्या विशेष प्रसिद्ध आहेत.

*(अ) सेल्जुक राणी तेर्केन खातून.* ही सुलतान मलिकशाहची पत्नी. १०९२ मध्ये मलिकशाह वारल्यावर तिने आपल्या लहानग्या मुलाला, महमूदला, गादीवर बसवण्यासाठी सैन्य आणि खजिना दोन्ही कामाला लावले. त्यापूर्वी वजीर निजामुल्मुल्कशी तिचे वैर होते. निजामुल्मुल्कने 'सियासतनामा' या ग्रंथात स्त्रियांनी राज्यकारभारात ढवळाढवळ करू नये म्हणून एक आख्खे प्रकरण लिहिले. त्या प्रकरणाचा रोख या राणीकडे होता, असे अनेक अभ्यासक मानतात.

*(आ) ख्वारिझमची तेर्केन खातून.* ही सुलतान अलाउद्दीन मुहम्मदची आई. तिचा स्वतंत्र दरबार होता, आणि तिची आज्ञा मुलाच्या आज्ञेइतकीच चालत असे. चंगीझखानाच्या स्वारीत ती पकडली गेली. तिला मंगोलियात नेण्यात आले आणि तिथे कैदेतच तिचा अंत झाला. तिचा नातू जलालुद्दीन तुम्हांला माहीत आहे : १२२१ मध्ये सिंधू नदीत घोडा घालून पलीकडे गेलेला आणि इल्तुतमिशकडे आश्रय मागणारा राजपुत्र तो हाच.

या दोघींची आणि दिल्लीच्या दोघींची गोष्ट वाचताना एक मुद्दा विसरू नका. त्यांच्या आईबापांनी त्यांना कोणत्या नावाने हाक मारली, हे या इतिहासग्रंथांतून आपल्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचते ती पदवी. आणि ती पोहोचवणारे बहुतेक लेखक दरबारी पुरुष होते. राणीने सत्ता हाती घेणे त्यांना पसंत नव्हते. म्हणून शाह तुर्कानविषयी मिन्हाज जे सांगतो ते साधन म्हणून वापरावे, पण तो कोणाच्या बाजूने बोलतो हेही विचारावे.

४. पदवीचे व्यक्तिनाम होते तेव्हा

पदवीचे नाव होणे आपल्याला परके नाही. 'राणी' हे आपल्याकडे मुलीचे नाव आहे. 'सुलताना', 'बेगम', 'खातून' हीदेखील नावे म्हणून वापरली जातात. तुर्की भाषेत तर 'खातून' या राजेशाही शब्दापासून आलेल्या 'कादन' या शब्दाचा आज अर्थ केवळ 'बाई' असा उरला आहे. दरबाराबाहेर पडला की शब्द सर्वांचा होतो.

तुर्कस्तान प्रजासत्ताक झाल्यावर (१९२३) तुर्की मुळाची नावे ठेवण्याकडे ओढा वाढला. 'तुर्क' शब्दाशी साम्य असल्याने 'तुर्कान' हे नाव या काळाला मानवले असावे. १९३४ च्या कायद्याने प्रत्येक नागरिकाला आडनाव घेणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा व उमेदवारीचा हक्क मिळाला. आता 'तुर्कान' हे राणीचे बिरुद राहिले नाही. ते शाळेच्या हजेरीपटावरचे, मतदारयादीतले नाव झाले.

५. आधुनिक काळातील तीन तुर्कान

*तुर्कान अक्योल (१९२८–२०१७).* छातीच्या विकारांच्या तज्ज्ञ डॉक्टर. १९७१ मध्ये त्या आरोग्यमंत्री झाल्या. तुर्कस्तानच्या इतिहासातील त्या पहिल्या स्त्री मंत्री. १९८० मध्ये अंकारा विद्यापीठाच्या प्रमुखपदी, म्हणजे रेक्टरपदी, त्यांची निवड झाली. देशात हे पद प्रथमच एका स्त्रीकडे आले. तारखांकडे लक्ष द्या : १९३४ मध्ये हक्क मिळाला, पण पहिली स्त्री मंत्री होण्यास आणखी ३७ वर्षे लागली. कायद्यातला हक्क आणि प्रत्यक्षातली संधी यांतले अंतर मोजायचे ते असे.

*तुर्कान शोराय (जन्म १९४५).* तुर्की चित्रपटसृष्टीतील सर्वांत लोकप्रिय अभिनेत्रींपैकी एक. १९६० मध्ये पडद्यावर आल्या आणि दोनशेहून अधिक चित्रपटांत त्यांनी काम केले. पडद्यावर कोणती दृश्ये करणार नाही याच्या अटी त्या निर्मात्यांना आधीच सांगत. या अटी 'शोरायचे कायदे' म्हणून ओळखल्या गेल्या. १९७२ मध्ये 'दोन्युश' या चित्रपटाचे दिग्दर्शनही त्यांनी केले. प्रेक्षक त्यांना 'सुलतान' म्हणतात. जिच्या नावाचाच अर्थ राणी, तिला लोकांनी पुन्हा एक पदवी दिली!

*तुर्कान सायलान (१९३५–२००९).* यांचे कार्य भारतीय वाचकाला विशेष जवळचे वाटेल. त्या त्वचारोगतज्ज्ञ होत्या आणि त्यांनी आयुष्याचा मोठा भाग कुष्ठरुग्णांच्या सेवेत घालवला. १९७६ मध्ये त्यांनी कुष्ठरोगाशी लढणारी संस्था स्थापन केली आणि १९८१ पासून २००२ पर्यंत इस्तंबूलच्या कुष्ठरोग रुग्णालयाची धुरा सांभाळली. हा काळ महत्त्वाचा आहे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोगासाठी बहुऔषधी उपचारपद्धतीची शिफारस केली आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. पण औषधाने जंतू मरतात, लोकांच्या मनातली भीती मरत नाही. रुग्णाला घरात परत घ्यायला कुटुंब तयार होत नाही. बाबा आमटे यांच्या आनंदवनाची गोष्ट ज्यांना माहीत आहे, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. १९८६ मध्ये सायलान यांना भारतात आंतरराष्ट्रीय गांधी पुरस्कार देण्यात आला.

१९८९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मुलींच्या शिक्षणासाठी एक संस्था उभारली. शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे ग्रामीण भागातील हजारो मुली शाळेत टिकल्या. एप्रिल २००९ मध्ये, कर्करोगाने त्या खूप आजारी असताना, 'एर्गेनेकोन' नावाच्या कथित कटाच्या तपासात पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, १८ मे रोजी, त्यांचे निधन झाले. अशी संघटना अस्तित्वात असल्याचे सिद्ध होत नाही, असा निकाल न्यायालयाने २०१९ मध्ये दिला.

६. एक लहान मुलगी : तुर्कान, १९८४

या नावाची आणखी एक धनी आहे. ती मंत्री नव्हती, नटी नव्हती, डॉक्टरही नव्हती. ती दीड वर्षाची होती.

बल्गेरियात तुर्की भाषा बोलणाऱ्या मुस्लिमांची मोठी लोकसंख्या आहे. १९८४ च्या हिवाळ्यात तेथील साम्यवादी सरकारने त्यांची नावे सक्तीने बदलण्याची मोहीम सुरू केली. सरकारी भाषेत तिला 'पुनरुज्जीवन प्रक्रिया' म्हटले गेले. पोलीस आणि सैन्य गावाला वेढा घालत. लोकांना बल्गेरियन नावांच्या यादीतून नाव निवडावे लागे आणि नवी ओळखपत्रे दिली जात. चारचौघांत तुर्की बोलण्यास बंदी होती. काही महिन्यांत सुमारे आठ लाख लोकांची नावे बदलली गेली.

कर्जाली प्रांतातील मोगिल्याने गावी २६ डिसेंबर १९८४ रोजी लोक निषेधासाठी जमले. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. जे मारले गेले त्यांत आईजवळ असलेली तुर्कानही होती. जे नाव सरकार पुसायला निघाले होते, तेच आज या दडपशाहीच्या आठवणीचे नाव झाले आहे. त्या जागी तिच्या नावाचे पाण्याचे कारंजे बांधले आहे आणि दरवर्षी २६ डिसेंबरला तिथे लोक जमतात.

१९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक लोक देश सोडून तुर्कस्तानात गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यकर्ते तोदोर झिवकोव्ह सत्तेवरून गेले आणि १९९० मध्ये कायद्याने मूळ नावे परत घेण्याची मुभा मिळाली. २०१२ मध्ये बल्गेरियाच्या संसदेने या मोहिमेचा निषेध करणारा ठराव केला.

७. सारांश

'तुर्कान' या एका शब्दाचा प्रवास आपण पाहिला. मध्य आशियात ती राणीची पदवी होती आणि तिच्या आड राण्यांची स्वतःची नावे हरवली. लिपीमुळे तिचे रूप बदलले. विसाव्या शतकात ती सामान्य मुलींचे नाव झाली आणि त्या मुलींनी त्या नावाला स्वतःच्या कामाने ओळख दिली. बल्गेरियात सत्तेने अशी नावेच काढून घेतली, तेव्हा लोकांनी ती परत मागितली. नाव ही खाजगी बाब वाटते. पण ते कोण नोंदवतो, कोण बदलतो आणि कोण जपतो, हे प्रश्न इतिहासाचे आहेत.

८. स्वाध्याय

१. 'तेर्केन'चे 'तुर्कान' होण्यामागील लिपीचे कारण उदाहरणासह स्पष्ट करा.
२. लोकव्युत्पत्ती म्हणजे काय? तुमच्या मातृभाषेतील एक उदाहरण द्या.
३. शाह तुर्कानविषयी मिन्हाजचे वर्णन साधन म्हणून वापरताना कोणती काळजी घ्याल?
४. तुमच्या घरातील आजी-पणजींची माहेरची नावे विचारून घ्या. ती कोणत्या कागदपत्रांत सापडतात आणि कोणत्या कागदपत्रांत सापडत नाहीत, याची नोंद करा व वर्गात चर्चा करा.