न्यायमूर्ती इस्माईल महंमद

दक्षिण आफ्रिकेच्या मध्यभागी, विस्तीर्ण माळरानावर वसलेले ब्लूमफाँटेन हे शहर त्या देशाची न्यायदानाची राजधानी म्हणून ओळखले जाते. देशाचे अपील न्यायालय १९१० पासून तेथेच भरत आले आहे. परंतु हे शहर ज्या ऑरेंज फ्री स्टेट प्रांतात होते, त्या प्रांताने १८९१ मध्येच कायदा करून भारतीयांच्या वस्तीला बंदी घातली होती. ही बंदी विसाव्या शतकात १९८० नंतरही काही वर्षे टिकून राहिली. त्या काळात जोहान्सबर्गचा एक विद्वान वकील या न्यायालयापुढे येऊन दिवसभर युक्तिवाद करी. न्यायाधीश त्याचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकत, प्रतिपक्षाचे वकील त्याच्या बुद्धिमत्तेचा धाक बाळगत. मात्र न्यायालय उठले, की रात्रीच्या मुक्कामासाठी त्याला प्रांताच्या हद्दीबाहेर जावे लागे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच न्यायालयात उभे राहावे लागे. १९९७ च्या प्रारंभी हाच मनुष्य त्याच न्यायालयाचा प्रमुख आणि दक्षिण आफ्रिकेचा सरन्यायाधीश झाला. त्याचे नाव इस्माईल महंमद.

५ जुलै १९३१ रोजी प्रिटोरिया येथे भारतीय वंशाच्या मुसलमान कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ज्या प्रिटोरियात एका खटल्याच्या कामासाठी १८९३ मध्ये तरुण बॅरिस्टर गांधी आले होते, तेच हे शहर. विटवॉटर्सरँड विद्यापीठातून महंमद यांनी कला शाखेची पदवी घेतली, राज्यशास्त्राचा विशेष अभ्यास केला, आणि १९५७ मध्ये ते कायद्याचे पदवीधर झाले. आपल्या गावी वकिली करावी, ही त्यांची साहजिक इच्छा होती. परंतु प्रिटोरियाच्या वकीलमंडळाचे दार फक्त गौरवर्णीयांना उघडे होते. जोहान्सबर्गच्या मंडळाने त्यांना आपल्यात घेतले. तरीही अडचण संपली नाही. कोणत्या वंशाच्या माणसाने शहराच्या कोणत्या भागात राहावे आणि व्यवसाय करावा, हे ठरविणारा कायदा १९५० मध्येच झाला होता. या कायद्यामुळे वकिलांच्या इमारतीत महंमद यांना स्वतःची खोली घेता येईना. एखादा स्नेही वकील न्यायालयात गेला, की त्याच्या रिकाम्या खोलीत बसून ते आपले काम उरकीत, आणि तो परतला की कागदपत्रे गोळा करून दुसरी रिकामी खोली शोधीत.

कायद्याचे असे रूप पाहिल्यावर कायद्यावरची श्रद्धा उडाली असती, तर त्यात नवल नव्हते. महंमद यांनी मात्र एक भेद मनाशी पक्का धरला. सत्ताधाऱ्यांनी संमत केलेला अधिनियम वेगळा, आणि त्या अधिनियमालाही ज्याच्या कसोटीला उतरावे लागते ते न्यायतत्त्व वेगळे. अधिनियम जुलमी असला, तरी त्याच्या शब्दांत, त्याच्या कार्यपद्धतीत, पुराव्याच्या नियमांत कोठे ना कोठे न्यायाला शिरण्यापुरती फट असते. ती फट शोधणे हेच त्यांच्या वकिलीचे मर्म झाले. वर्णभेदाचे कायदे, स्थानबद्धतेचे हुकूम, राजद्रोहाचे खटले यांत त्यांनी शेकडो पीडितांची बाजू मांडली. १९७४ मध्ये त्यांना ज्येष्ठ वकिलाचा, म्हणजे 'सीनिअर कौन्सेल'चा दर्जा मिळाला. हा मान मिळविणारे ते त्या देशातील पहिले श्वेतेतर वकील होत.

या कौशल्याची मोठी कसोटी १९८५ च्या पीटरमॅरिट्झबर्ग येथील राजद्रोहाच्या खटल्यात लागली. ज्या गावच्या रेल्वे स्थानकावर गांधीजींना गाडीतून उतरविण्यात आले होते, तेच हे गाव. युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट आणि तिच्याशी संबंधित संघटनांचे सोळा पुढारी आरोपी होते, आणि त्यांत गांधीजींनी १८९४ मध्ये स्थापिलेल्या नाताळ इंडियन काँग्रेसचे कार्यकर्तेही होते. महंमद बचावपक्षाचे प्रमुख वकील होते. सरकारची भिस्त भाषणांच्या ध्वनिफिती व चित्रफिती यांवर, तसेच एका तज्ज्ञ साक्षीदारावर होती. महंमद यांच्या उलटतपासणीपुढे तज्ज्ञाची विद्वत्ता टिकली नाही, आणि डिसेंबर १९८५ मध्ये सोळांपैकी बारा जणांवरील आरोप सरकारला मागे घ्यावे लागले. परंतु या विजयाला रक्ताचा डाग होता. बचावपक्षाच्या वकिलांपैकी एक, व्हिक्टोरिया मझेंगे, यांची त्याच वर्षी १ ऑगस्टला त्यांच्या राहत्या घरी हत्या झाली. त्यांचे पती ग्रिफिथ्स मझेंगे हेही वकील होते. त्यांना १९८१ मध्येच मारेकऱ्यांनी संपविले होते. हे नाव पुढे महंमद यांच्यासमोर पुन्हा यावयाचे होते.

स्वदेशात न्यायासन मिळण्यापूर्वीच लेसोथो आणि स्वाझीलंड या शेजारच्या देशांनी त्यांना आपल्या अपील न्यायालयांवर बोलाविले. १९९० मध्ये स्वतंत्र झालेल्या नामिबियाच्या सर्वोच्च न्यायालयात १९९१ मध्ये त्यांनी निर्णय दिला, की राज्यसंस्थेने कोणालाही फटक्यांची शिक्षा देणे हे मानवी प्रतिष्ठेस बाधक असून घटनाविरोधी आहे. १९९२ पासून ते त्या देशाचे सरन्यायाधीशही होते. दक्षिण आफ्रिकेत ते १९९१ मध्ये न्यायाधीश झाले. सर्वोच्च न्यायालयावर कायम नेमणूक झालेले ते पहिले श्वेतेतर गृहस्थ. त्याच वर्षी डिसेंबरात नव्या राज्यव्यवस्थेसाठी सर्व पक्षांची परिषद भरली, तेव्हा तिच्या दोन अध्यक्षांपैकी एक महंमद होते.

१९९५ मध्ये नव्या घटना न्यायालयाचे कामकाज सुरू झाले, आणि महंमद त्याचे उपाध्यक्ष झाले. ६ जून १९९५ रोजी या न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने फाशीची शिक्षा रद्द ठरविली. त्या वेळी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा बचनसिंग खटल्यातील निर्णय विचारात घेण्यात आला. भारतीय घटनेचे एकविसावे कलम कायद्याने ठरविलेल्या पद्धतीनुसार जीवित हिरावून घेण्याची शक्यता गृहीत धरते. दक्षिण आफ्रिकेच्या तात्पुरत्या घटनेत मात्र जगण्याचा हक्क निरपवाद शब्दांत सांगितलेला होता. हा शब्दभेद निर्णायक ठरला. महंमद यांनी आपल्या स्वतंत्र निर्णयपत्रात म्हटले, की राज्यसंस्थेने थंडपणे, योजनापूर्वक एखाद्याचे जीवन संपविणे हे आत्मसंरक्षणात घडलेल्या मृत्यूहून जातीनेच निराळे आहे. त्याच वर्षी क्वाझुलू-नाताळ प्रांताच्या एका दाव्यात त्यांनी केशवानंद भारती खटल्यापासूनच्या भारतीय निर्णयांचा परामर्श घेतला. घटनेची मूलभूत चौकट बहुमतालाही मोडता येते काय, हा दिल्लीत चर्चिला गेलेला प्रश्न असा सागरापार पोहोचला.

परंतु सर्वांत अवघड परीक्षा १९९६ मध्ये आली. जे गुन्हेगार आपली राजकीय हेतूने केलेली दुष्कृत्ये पूर्णपणे उघड करतील, त्यांना माफी देण्याचा अधिकार सत्य आणि सलोखा आयोगाच्या समितीला १९९५ च्या कायद्याने दिला होता. माफी मिळाली, की फौजदारी खटला नाही आणि नुकसानभरपाईचा दावाही नाही. या तरतुदीविरुद्ध १९७७ मध्ये कोठडीत मरण पावलेल्या स्टीव्ह बिको यांच्या पत्नी न्यायालयात आल्या. त्यांच्याबरोबर ग्रिफिथ्स मझेंगे यांचे बंधूही होते. ज्या घरातील सहकारी वकील खटला चालू असताना मारली गेली, त्याच घरातला मनुष्य आता न्याय मागत होता. आणि निर्णय लिहिण्याचे काम महंमद यांच्याकडे होते.

२५ जुलै १९९६ रोजी न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. महंमद यांनी आप्तांचे दुःख क्षुल्लक मानले नाही. खुनी माणसाला मोकळे सोडणारा कायदा अंतःकरणाला बोचतो, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले. तथापि त्यांचा विचार असा होता: बहुतेक गुन्हे अंधारात घडले आहेत, पुरावे नष्ट झाले आहेत, साक्षीदार भयाने गप्प आहेत. शिक्षेची भीती राहिली तर गुन्हेगार बोलणार नाही, आणि आप्तांच्या हाती शिक्षाही पडणार नाही व सत्यही पडणार नाही. शिवाय सूडाऐवजी सलोखा, हा करार झाला म्हणूनच रक्तपाताविना सत्तांतर शक्य झाले, आणि त्या कराराला तात्पुरत्या घटनेनेच आधार दिला होता. हा निर्णय अनेकांना पटला नाही, आजही पटत नाही. पण ज्याने स्वतः अन्याय भोगला त्यानेच तो लिहिला, यामुळे त्याला वेगळे वजन आले.

सरन्यायाधीश म्हणून त्यांची कारकीर्द टीकेवाचून गेली नाही. १९९७ मध्ये वर्णभेदाच्या काळातील न्यायसंस्थेची चौकशी आयोगाने केली, तेव्हा न्यायाधीशांनी आयोगापुढे स्वतः उपस्थित न राहता लेखी निवेदने पाठविली. महंमद यांनीही इतर ज्येष्ठ न्यायाधीशांसह असे निवेदन दिले. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यास धक्का लागू नये, ही त्यामागची भूमिका. परंतु इतरांनी उघडपणे उत्तर द्यावे आणि न्यायाधीशांनी देऊ नये, याविषयी आयोगाने खेद व्यक्त केला.

१७ जून २००० रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सरन्यायाधीशपद त्यांना जेमतेम साडेतीन वर्षे लाभले. अपमान सोसलेल्या माणसाच्या हाती अधिकार आला, की तो अपमानाची परतफेड करू पाहतो, हा इतिहासाचा नेहमीचा अनुभव. ज्या नगरीत रात्र काढण्याची त्यांना मुभा नव्हती, त्या नगरीतील सर्वोच्च आसनावर बसून महंमद यांनी कायद्याला सूडाचे साधन होऊ दिले नाही, आणि त्यांच्या थोरवीचे मूळ येथेच आहे.