डोंगराला खिंड पाडणारा कॅमेरा

‘स्टार ट्रेक २ : द रॅथ ऑफ खान’ हा चित्रपट १९८२ साली आला. त्यात एका ओसाड ग्रहावर आधी आगीचा लोळ पसरतो, मग डोंगर उभे राहतात, पाणी येते, हिरवळ फुटते. जेमतेम मिनिटभराचे हे दृश्य संगणकावर तयार केले होते लुकासफिल्मच्या संगणक विभागाने. पुढे पिक्सार उभी राहिली ती याच विभागातून. दृश्य आखताना विभागातल्या आल्वी रे स्मिथ यांनी मनाशी पक्के केले होते की, कॅमेऱ्याची चाल अशी द्यायची जी खऱ्या कॅमेऱ्याला कधीच जमणार नाही आणि लुकासफिल्मचे संस्थापक जॉर्ज लुकास यांच्या नजरेत भरेल. लुकास यांनी ती टिपली, दादही दिली. पण काम संपत आले असताना लक्षात आले की, कॅमेऱ्याची वाट सहकारी लॉरेन कार्पेंटर यांनी रचलेल्या एका डोंगराच्या आरपार जाते आहे. वाट बदलण्यापेक्षा डोंगरालाच खिंड पाडणे सोपे होते. तेच केले.

संगणकातल्या या कॅमेऱ्याला काच नाही, ट्रॉली नाही, रूळ नाहीत. तो म्हणजे काही आकडे: जागेचे तीन, रोखाचे तीन, शिवाय लेन्सचा कोन. आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेम लागतात, म्हणजे १० सेकंदांच्या टायटलला २५०. प्रत्येक फ्रेमचे आकडे कोण भरत बसणार? म्हणून अ‍ॅनिमेटर मोजक्याच फ्रेमवर आकडे भरतो, म्हणजे कीफ्रेम टाकतो; मधले आकडे गणित काढते. कीफ्रेम सरळ रेषांनी जोडल्या तर प्रत्येक वळणावर हिसका बसतो. तिथे वक्ररेषा कामी येते. रेनॉमधले पिएर बेझिए आणि सिट्रोएनमधले पॉल द कास्तल्जो यांनी मोटारींचे बाक काढण्यासाठी मांडलेले गणितच आज आफ्टर इफेक्ट्स आणि ब्लेंडर या सॉफ्टवेअरमधल्या, वक्ररेषेचा बाक ठरवणाऱ्या हँडलमागे आहे. एडविन कॅटमल आणि राफाएल रोम यांची १९७४ची स्प्लाइन, म्हणजे वक्ररेषा, दिलेल्या बिंदूंमधून हमखास जाते, हँडल ओढावी लागत नाहीत. लुकासफिल्मच्या त्या विभागाचे प्रमुख होते हेच कॅटमल.

वाट सुबक झाली की काम संपले, असे नवख्याला वाटते. खरी डोकेदुखी वेगाची.

कीफ्रेममधला वेळ सारखा, पण अंतर कमीजास्त, असे झाले की कॅमेरा कुठे सुसाट सुटतो, कुठे रेंगाळतो. आफ्टर इफेक्ट्समधली ‘रोव्ह अक्रॉस टाइम’ ही सोय मधल्या कीफ्रेमची वेळ मोकळी सोडते आणि वेग एकसारखा करते. ब्लेंडरमध्ये कॅमेऱ्याला ‘फॉलो पाथ’ लावून वक्ररेषेवर बसवतात. तिथे वाटेचा आकार आणि वाटेवरचे स्थान या दोन गोष्टी वेगळ्या सांभाळता येतात, आणि हीच पद्धत जास्त सोयीची.

मग प्रश्न नजरेचा. बोगद्यातून जाताना कॅमेऱ्याने वाटेच्या दिशेने पाहिले तर ठीक; लोगोभोवती फिरताना मात्र नजर लोगोवरच हवी. त्यासाठी ब्लेंडरमध्ये एक ‘एम्प्टी’ (चित्रात न दिसणारी खूण) ठेवून कॅमेऱ्याला ‘ट्रॅक टू’ने त्याच्याशी बांधतात. वळणावर दुचाकी कलते तसा कॅमेराही थोडा कलता ठेवला तर वजनाचा भास होतो. हा कल जरा जास्त झाला, तर बघणाऱ्याला गरगरते.

बरेच झटके मात्र जास्तीच्या बिंदूंमुळे येतात. वरून पाहिले तर वाट छान गोल दिसते; तीच बाजूच्या व्ह्यूमध्ये पाहिली की मधेच उंचवटे निघतात. असे दोन-चार बिंदू पुसून टाकले की निम्मी दुरुस्ती तिथेच होते.