उसाच्या बिलात जुनी गाडी घेताय? पेट्रोल की डिझेल ठरवण्याआधी किलोमीटर मोजा

कोल्हापूर : उसाचं बिल खात्यावर जमा झालं की गावोगावी जुन्या चारचाकीची चौकशी सुरू होते. घरात म्हातारी माणसं असतात, पोरं कॉलेजला असतात, पावसाळ्यात दुचाकीवरून दवाखाना गाठणं जिवावर येतं. नवी गाडी आवाक्यात नसते, म्हणून तीन-चार लाखांत सेकंडहँड गाडी बघितली जाते. आणि कट्ट्यावर पहिला सल्ला ठरलेला असतो : "डिझेलच घ्या, ॲव्हरेज भारी देतंय."

हा सल्ला काही घरांना बरोबर बसतो आणि काही घरांचं वर्षाचं बिल गॅरेजमध्ये घालवतो. फरक गाडीत नसतो, ती वर्षाला किती आणि कशी फिरणार यात असतो.

डिझेल स्वस्त, ही समजूत आली कुठून?

ही समजूत खोटी नव्हती. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपये आणि डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होतं. लिटरमागे तीस रुपयांवर फरक! डिझेलचा दर तेव्हा सरकार ठरवत होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही बाजारभावावर सोडलं आणि हा फरक कमी होत गेला. अलीकडच्या काळात आपल्याकडे तो लिटरमागे बारा-तेरा रुपयांवर आला आहे.

दुसरा बदल १ एप्रिल २०२० चा. त्या दिवसापासून बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणं थांबवलं. म्हणजे बाजारात दिसणारी डिझेल स्विफ्ट, डिझायर किंवा अर्टिगा ही त्याआधीची आहे. गाडी कितीही चकचकीत दिसली तरी तिचं वय तेवढं झालेलं आहे. इंजिन दणकट होतं, सुटे भाग अजून मिळतात, पण जुनं ते जुनंच.

एका गावातली दोन घरं

हिशेबासाठी पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये धरू. एकाच मापाच्या दोन जुन्या गाड्या. पेट्रोलला लिटरला १५ किलोमीटर, डिझेलला १९. म्हणजे पेट्रोलला किलोमीटरमागे ७ रुपये, डिझेलला ४ रुपये ८५ पैसे. तेवढ्याच वयाची आणि तेवढीच फिरलेली डिझेल गाडी समजा ७५ हजारांनी महाग आहे.

पहिलं घर : गाडी लग्नकार्याला, दवाखान्याला, अमावास्येला आदमापूरला, कधी जोतिबाला. वर्षाला ६ हजार किलोमीटर. पेट्रोलचा खर्च ४२ हजार, डिझेलचा २९ हजार. वाचले १३ हजार. त्यातून डिझेलच्या देखभालीचा जादा खर्च पाच हजार धरून वजा केला तर हातात राहिले आठ हजार. वर दिलेले ७५ हजार वसूल व्हायला नऊ वर्षं लागतात. तोवर गाडीचं आयुष्य संपत आलेलं असतं.

दुसरं घर : गारगोटीकडून रोज कोल्हापूरला नोकरीसाठी ये-जा, वर्षाला १८ हजार किलोमीटर. पेट्रोलला १ लाख २६ हजार, डिझेलला ८७ हजार. वाचले ३९ हजार. देखभालीचे जादा नऊ हजार वजा केले तरी ३० हजार उरतात. अडीच वर्षांत ७५ हजार सुटले, पुढचा सगळा फायदा.

दोन्ही घरांनी एकच गाडी घेतली, तर एकाचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा. ढोबळमानाने वर्षाला १० हजार किलोमीटरच्या आत असाल तर पेट्रोल, १५ हजारांच्या वर असाल तर डिझेल. मधल्या लोकांनी गाडीची अवस्था बघून ठरवावं. आपल्या पंपावरचा आजचा दर आणि गाड्यांच्या खऱ्या किमती घालून हाच हिशेब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत होतो.

एक सावधगिरी. दोन्ही गाड्या एकाच किमतीत मिळत असतील, तर डिझेलवाली बहुतेक वेळा दोन-तीन वर्षं जुनी असते किंवा लाखभर किलोमीटर जास्त पळालेली असते. ती स्वस्त नसते, तिचं काम पुढे निघणार असतं.

ट्रॅक्टरचं डिझेल आणि गाडीचं डिझेल

"गावात ट्रॅक्टरचा मिस्त्री आहे की, बघंल तो," असं बरेच जण म्हणतात. जुन्या ट्रॅक्टरचा पंप आणि नोझल वेगळं, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या डिझेल गाडीची कॉमन रेल सिस्टीम वेगळी. तिच्यात डिझेल प्रचंड दाबाने बारीक छिद्रातून आत फवारलं जातं आणि ते किती, कधी सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. इंजेक्टर, हाय प्रेशर पंप किंवा टर्बो गेला तर खर्च हजारात नाही, दहा-दहा हजारांच्या पटीत जातो. पहिल्या घराची तीन-चार वर्षांची बचत अशा एका कामात संपते.

शेतावर कॅनमध्ये भरून ठेवलेलं डिझेल अशा गाडीत कधीच ओतू नये. कॅनच्या तळाला साचलेलं पाणी आणि कचरा इंजेक्टर खराब करतो. डिझेल फिल्टरही वेळच्या वेळी बदलावा लागतो.

२०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी घेणाऱ्यांनी डीपीएफ हा शब्द लक्षात ठेवावा. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी ही जाळी असते. साठलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर वीस मिनिटं तरी एका लयीत पळावी लागते. घर ते बाजार, बाजार ते शाळा एवढीच फिरणारी गाडी ही जाळी तुंबवते. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ओढ सोडते आणि शोरूमची वारी सुरू होते.

मग डिझेल कुणी घ्यावी?

रोजचं अंतर मोठं असेल, घरात सात-आठ माणसं असतील, आणि गगनबावडा, आंबा, फोंडा किंवा आंबोली घाटातून भरल्या गाडीने नेहमी जाणं असेल, तर डिझेलची ताकद कामाला येते. कमी फेऱ्यांवर ओढ मिळते, गिअर कमी बदलावा लागतो. बोलेरो तर डिझेलमध्येच येते, आणि जुनी इनोव्हाही बहुतेक डिझेलच दिसते. अशा गाड्यांना गिऱ्हाईक टिकून आहे, त्यामुळे विकतानाही किंमत येते.

मात्र विम्याचा खर्चही धरा. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार थर्ड पार्टी विमा १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये, शिवाय कर वेगळा. छोटी पेट्रोल गाडी इथेही स्वस्त पडते.

पेट्रोलमध्ये आपलाच ऊस

पेट्रोलवाल्यांनाही एक गोष्ट माहीत हवी. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. त्यातलं बरंचसं इथेनॉल आपल्यासारख्या ऊस पट्ट्यातल्या कारखान्यांतून जातं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या या पेट्रोलला चालतील अशा साहित्याने बनवल्या आहेत. त्याआधीच्या गाडीचं ॲव्हरेज थोडं कमी होतं, आणि जुन्या गाडीत रबरी पाइप, गॅस्केट बदलावं लागू शकतं. गाडी घेताना बोनेट उघडून पेट्रोलच्या पाइपला चिरा किंवा ओल आहे का, हे मिस्त्रीला दाखवा. हा खर्च इंजेक्टरच्या मानाने किरकोळ असतो. गाडी महिना-महिना शेडमध्ये उभी राहणार असेल, तर आठवड्यातून एकदा तरी चालू करून फिरवून आणा.

गाडी बघायला जाताना

पेट्रोल असो वा डिझेल, गाडी थंड असताना बघा. मालकाला आधीच सांगा, "आम्ही आल्याशिवाय स्टार्ट करू नका." गरम करून ठेवलेली गाडी बरंच काही लपवते.

– धूर बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. डिझेलला ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत दाट काळा धूर येत असेल तर इंजेक्टर किंवा टर्बोची शंका घ्या. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर आत पाणी जातंय का, ते तपासा.

– चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण जपून उघडा. भकाभक धूर बाहेर आला तर इंजिन कामाला आलेलं आहे.

– मीटरवर विश्वास ठेवू नका. पन्नास हजार दाखवणाऱ्या गाडीचं क्लच पेडलचं रबर आणि स्टिअरिंग गुळगुळीत झालं असेल, तर आकडा मागे फिरवलाय. सर्व्हिसच्या जुन्या पावत्या मागा.

– महापुरातली गाडी ओळखा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात जिल्ह्यात अनेक गाड्या पाण्यात गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग बघा, मॅट उचला, स्टेपनीखाली आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूवर गंज आहे का बघा. कुबट वास लपवायला जादा सेंट मारलेला असतो. पुरात भिजलेल्या गाडीची वायरिंग दोन-तीन वर्षांनीही दगा देते.

– निदान वीस किलोमीटर चालवा, एखादा चढ घ्या. सोबत आपला मिस्त्री न्या. त्याला दिलेले पाचशे-हजार रुपये वाया जात नाहीत.

कागद आणि वय

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपल्यावर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ मध्ये १५ वर्षांवरच्या मोटारीला त्यासाठी ५ हजार रुपये शुल्क लागू झालं, शिवाय पर्यावरण कर. तो डिझेलला जास्त. म्हणून आरसीवरची मुदत आधी वाचा.

दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुढे त्यात बदल होत गेले, पण त्या काळात तिकडच्या बऱ्याच गाड्या स्वस्तात इतर राज्यांत आल्या. महाराष्ट्रात असा वयाचा नियम नाही. तरी बाहेरच्या पासिंगची गाडी घेताना, मग ती दिल्लीची असो, गोव्याची असो की निपाणीकडची केए पासिंगची, मूळ आरटीओची एनओसी लागते. बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर एमएच नंबर घेऊन महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो धरला की पन्नास हजारांनी स्वस्त वाटलेली गाडी तेवढी स्वस्त राहत नाही.

एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा आहे का ते बघा. ई-चलनाचा दंड थकला असेल तर व्यवहाराआधी मालकाला भरायला लावा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी पाटी बसली आहे का तेही बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी ताब्यात आल्यावर १४ दिवसांत विमा नावावर करायला अर्ज द्या. ते राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाईचा घोळ आपल्याच गळ्यात येतो.

शेवटी हिशेब सोपा

गेल्या महिन्यात घरच्या माणसांचं कुठे-कुठे जाणं झालं, ते वहीत लिहा. किलोमीटर मोजा, बाराने गुणा. आकडा दहा हजारांच्या आत आला तर कट्ट्यावर कुणी काहीही सांगो, बरी चाललेली, एका हातची पेट्रोल गाडी शोधा. आणि गाडी घेताना सगळे पैसे तिच्यातच घालू नका. वीस-पंचवीस हजार बाजूला ठेवा. टायर, बॅटरी, ऑइल आणि पहिलं काम त्यातून निघतं, आणि रात्री-अपरात्री पेशंट घेऊन सीपीआर गाठायची वेळ आली तर गाडी दारात चालू अवस्थेत असते.