रायन येथील टांकणखाराच्या खाणी

जुन्या वैद्यकपोथ्यांतील टंकण, म्हणजेच सोनाराचा टांकणखार, आपल्या देशीं तिबेट व लडाख येथून येत असे. त्याच वर्गांतील कोलमनाइट या खनिजाच्या खाणी कॅलिफोर्नियांत डेथ व्हॅलीच्या कांठीं रायन येथें आहेत. त्या ओसाड पडल्या म्हणून तेथील माल संपला असावा, असें अनुमान कोणी काढील तर तें आम्हांस मान्य नाहीं.

लक्षावधि वर्षांपूर्वीं तेथें निकास नसलेलीं सरोवरें होतीं. ज्वालामुखीप्रदेशांतील उष्ण झऱ्यांनीं आणलेला बोरॉन त्यांत सांचला, पाणी आटतां चुन्याशीं संयोग पावला व पुढें गाळाच्या थरांखालीं दडपला गेला. हा क्षार पाण्यांत सहसा विरघळत नाहीं; सोड्याबरोबर कढवावा तेव्हां टांकणखार हातीं येतो. सारें मर्म येथेंच आहे.

१९०७ सालीं रेल्वे आल्यावर प्रथम शेजारची ‘लीला सी’ खाण चालली. नांव आपल्याकडील वाटतें खरें, परंतु लीला ही पहिला मालक कोलमन याची कन्या होय. खनिजासहि त्याचेंच नांव आहे. १९१४ पासून काम रायनकडे सरलें. पुढें मोहावे वाळवंटांत पाण्यांत विरघळणारा केर्नाइट विपुल सांपडला, आणि १९२७ सालीं कंपनीनें आपलें काम तिकडे नेलें. रायनचा पुष्कळसा माल डोंगरांतच राहिला.