मांत्रिक थोर की पुजारी?

घोडा भारी की उंट, हा वाद सांगलीच्या बुद्धिबळपटूंना नवा नाही. पट मोकळा की गर्दीचा, हे पाहिल्यावाचून तो मिटत नाही. १९७४ साली अमेरिकेत गायगॅक्स व अर्नेसन यांनी काढलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या नि कल्पनेच्या खेळात तोच वाद निघतो. तेथील १९७४ च्या मूळ नियमांत नवख्या मांत्रिकापाशी मंत्र एकच होता, चिलखत वर्ज्य, हाती खंजीर. नवख्या पुजाऱ्याला मंत्रच नव्हता, पण अंगावर चिलखत! पुढे मांत्रिक एका अग्निगोलात टोळी जाळतो, तेव्हा सारे त्यालाच थोर म्हणतात. मला हे घाईचे वाटते. मंत्र खर्ची पडला की विश्रांतीवाचून परत येत नाही. तेव्हा मधल्या लढाया मोजाव्यात. एकच असेल तर मांत्रिक खरा. सहा असतील, तर चौथीला तो खंजीर चाचपीत पुजाऱ्याच्या पाठीशी उभा दिसतो.