शिराझचा हंगाम कोणी मोजला?

महाराष्ट्राच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाला यंदा २५ वर्षं झाली. गुंतवणूक आणि पर्यटन यांवर पुष्कळ बोललं जाईल. ज्या हंगामातून शिराझ द्राक्षाची लाल वाइन येते, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, याचा मला राग आहे.

धोरणाआधी नाशिकचे बहुतेक बागायतदार थॉम्पसन आणि सोनाका या खायच्या द्राक्षांतच गुंतलेले होते. २०१० नंतरची टेस्टिंग रूमची वर्षं सगळ्यांना ठाऊक आहेत. माझा जीव अडकला आहे तो मधल्या दशकात, कारण तेव्हा शिराझ लावून आम्ही नव्याने बाग वाचायला शिकलो.

खायच्या द्राक्षाला मणी मोठा आणि साल पातळ लागते. शिराझचं उलट: मणी लहान, साल जाड, रंग सगळा सालीत. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर डिसेंबरअखेरीस, जानेवारीत मण्यात पाणी उतरतं, हिरवा मणी जांभळा होतो. तिथून तोडणीपर्यंतची हवा वाइनचा स्वभाव ठरवते. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री निफाडची बोचरी थंडी असा जानेवारी लांबला, तर रंग गडद येतो, आंबटपणा टिकतो. फेब्रुवारी एकाएकी तापला की साखर पुढे धावते. साखरेचं माप, म्हणजे ब्रिक्स, २४ भरतो, पण बी चावून पाहावं तर आतून हिरवी, कडवट. अशा मालाची वाइन अंगाने जड आणि घशाला खरखरीत होते. म्हणून आम्ही दोन ओळींआड मणी तोडून बिया चावायचो. बी तपकिरी होऊन दाताखाली कुडुम वाजली, की मगच कात्री लावायची.

वाइनरीकडून खरेदीला येणाऱ्या माणसाने मात्र बी कधी चावली नाही. त्याने ब्रिक्स पाहिला, दर लावला आणि चार गावांचा माल एकाच टाकीत ओतला. आमची थंडी, आमची थांबण्याची तयारी, सगळं त्यात बुडालं. पुढे नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाचा पाऊस बागांवर कोसळला, डाऊनी रोगाने घड नेले. त्याच सुमारास मंदीने वाइनची मागणी बसली आणि कित्येकांचे पैसे थकले. शिकलेलं टिकवायला मग कोणाला उसंत राहिली नाही.

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मे-जूनच्या उन्हात काडीमध्ये पुढच्या मालाची घडनिर्मिती होते. नेमकं ते ऊनच मिळालं नाही. शेजारच्या शिराझला घड कमी लागले. कमी मालात चव एकवटते, म्हणून या मालाची टाकी वेगळी लावा, बाटलीवर वर्ष छापा, असं शेजाऱ्याने वाइनरीला विनवलं. गेल्या वर्षीसारखीच चव हवी, असं उत्तर मिळालं. एप्रिलच्या छाटणीला त्याने मजूर बोलावलेच नाहीत, जेसीबी बोलावला.